खाऊ की खोडी? : हॅलोवीनच्या माणसाळण्याचा इतिहास

१

फ्लोरिडा राज्यातील ओरलँडो शहरानजीकच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ३१ ऑक्टोबर १९९५ च्या रात्री 'मिकीज नॉट-सो-स्केरी हॅलोवीन पार्टी' नावाचा कार्यक्रम प्रथमच झाला. तो एकाच रात्रीपुरता होता, त्यासाठी उद्यानाच्या नेहमीच्या तिकिटाहून वेगळे तिकीट काढावे लागत होते आणि त्याची आखणी लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी केलेली होती. अलीकडच्या वर्षांत हाच कार्यक्रम ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत निवडक अशा तिसाहून अधिक रात्री चालतो. सुट्टीत मुलांना घेऊन तेथे जाणाऱ्या असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने हॅलोवीन म्हणजे आता हीच रात्र होय.

या कार्यक्रमाचे नाव विचार करण्याजोगे आहे. 'नॉट-सो-स्केरी' म्हणजे 'फारशी भीतिदायक नसलेली'. 'भीतिदायक नसलेली' असे मात्र ते म्हणत नाही. भीती अजिबात नको असती तर या सणाचे प्रयोजनच उरले नसते, आणि भीती पुरती ठेवली असती तर चार वर्षांचे मूल रडत बाहेर आले असते. 'फारशी' या एका क्रियाविशेषणात भीतीचे माप ठरवण्याचे काम सामावलेले आहे. हे माप कोण ठरवते आणि कोणासाठी ठरवते, या प्रश्नांचा मागोवा घेतल्यास हॅलोवीनचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास उलगडतो. या इतिहासात मुलाची भूमिका पूर्णपणे उलटी झाली. एके काळी या रात्री मुले भीती घालत असत. आज मुलांना भीतीपासून जपले जाते. हा पालट कसा झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

हॅलोवीनची मुळे सांगताना प्राचीन आयर्लंडमधील 'साउइन' या सणाचा उल्लेख नेहमी केला जातो. १ नोव्हेंबरच्या सुमारास उन्हाळ्याचा अर्धा भाग संपून हिवाळ्याचा अर्धा भाग सुरू होई, गुरे रानातून परत आणली जात. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये अद्भुत आणि अपार्थिव घटना वारंवार याच संधिकालात घडतात. पुढे ख्रिस्ती धर्मसत्तेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस मानला. इ.स. ८३५ मध्ये चौथ्या ग्रेगरी पोपच्या काळात तो फ्रँकिश साम्राज्यात सर्वत्र पाळला जाऊ लागला. त्याला जोडून २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस आला. 'हॅलोवीन' या शब्दाचा अर्थ 'सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या' एवढाच आहे.

मात्र या प्राचीन वारशाला अवास्तव महत्त्व देण्याचे कारण नाही. आजच्या हॅलोवीनशी ज्यांचे नाते थेट जोडता येते, अशा प्रथा त्यामानाने अलीकडच्या आहेत. इंग्लंडमध्ये गरीब माणसे आणि मुले घरोघर जाऊन 'सोल केक' नावाच्या लहान गोड पोळ्या मागत आणि त्यांच्या मोबदल्यात त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. स्कॉटलंडमध्ये मुले तोंडाला काजळी फासून, जुनेपुराणे कपडे घालून दारोदार जात. याला 'गायझिंग' म्हणत. दार उघडले की मुलाने गाणे म्हणावे, कविता म्हणावी, एखादा विनोद सांगावा आणि मगच फळे, सुकामेवा किंवा नाणे मिळावे असा रिवाज होता. सलगमाचा गड्डा पोखरून त्यात दिवा लावण्याची पद्धतही आयर्लंड व स्कॉटलंडमधलीच.

या दोन्ही प्रथांतील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. मूल तेथे रिकाम्या हाताने उभे राहत नाही. ते प्रार्थना देते, गाणे देते, आणि खाऊ घेते. हा व्यवहार उघडउघड देवाणघेवाणीचा आहे.

३

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या आयरिश दुष्काळामुळे, लक्षावधी आयरिश लोक अमेरिकेत गेले. स्कॉटिश लोकही गेले. त्यांच्याबरोबर हा सण गेला. अमेरिकेत सलगमाची जागा लाल भोपळ्याने घेतली, कारण तो आकाराने मोठा, पोखरायला सोपा आणि शरद ऋतूत मुबलक मिळणारा होता. या सणाचा पुस्तकभर इतिहास सांगणारा अमेरिकेतील पहिला ग्रंथ मानला जातो तो रूथ एडना केली यांचा. तो १९१९ साली प्रसिद्ध झाला.

केली यांचा ग्रंथ आला तेव्हा अमेरिकेच्या गावोगावी हॅलोवीन हा मुख्यतः खोड्यांचा सण झालेला होता. कुंपणाची फाटके उपटून दुसऱ्याच्या अंगणात टाकणे, परसातील शौचकूप पाडणे, घोडागाडी सुटी करून धान्याच्या कोठाराच्या छपरावर पुन्हा जोडून ठेवणे हे पोरांचे त्या रात्रीचे उद्योग असत. मराठी वाचकाला हे समजायला शिमगा आठवावा. होळीच्या आधी मुले लाकडे, गोवऱ्या, कधी मोडके फाटकही पळवतात आणि ज्याचे गेले त्याने फार आरडाओरडा करू नये असा संकेत असतो. दोन्ही सणांचा उगम आणि अर्थ अगदी भिन्न आहे. तथापि वर्षातून एकदा लहानांना मोठ्यांची खोडी काढण्याची अलिखित परवानगी देण्याची समाजाची गरज दोन्हीकडे दिसते.

ही परवानगी गावात चालते, कारण गावात पोर कोणाचे हे सर्वांना ठाऊक असते. शहरे वाढली तेव्हा ती चालेनाशी झाली. १९२० च्या आणि १९३० च्या दशकांत खिडक्या फोडणे, पथदिवे फोडणे, मोटारींची नासधूस असे प्रकार वाढले. महामंदीच्या वर्षांत तर काही शहरांतून हा सणच बंद करावा अशी भाषा सुरू झाली. मिनेसोटा राज्यातील अनोका या गावाने मात्र वेगळा मार्ग काढला. हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी उठत तो मुख्य रस्त्यावर गाई मोकाट फिरत असत. या प्रकाराला कंटाळून गावातील प्रमुख मंडळींनी १९२० साली मुलांसाठी मिरवणूक काढली, खाऊ वाटला आणि शेकोटी पेटवली. मुले दमून घरी जाऊन झोपावीत हा त्यामागचा साधा हिशेब होता. अनोका आजही स्वतःला 'जगाची हॅलोवीन राजधानी' म्हणवते. मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी मोठ्यांनी आखलेला, मिरवणूक आणि खाऊ असलेला हॅलोवीन कार्यक्रम म्हणून डिस्नेच्या पार्टीचे वंशमूळ खरे तर येथे सापडते.

'ट्रिक ऑर ट्रीट' ही घोषणाही याच काळातली. १९२० च्या दशकात पश्चिम कॅनडातील वृत्तपत्रांत ती आढळते आणि पुढच्या दशकात अमेरिकेत पसरते. तिचे मराठी 'खाऊ की खोडी?' असे करता येईल. शब्द गोड असले तरी ही खंडणी आहे. खाऊ द्या, म्हणजे तुमचे फाटक शाबूत राहील. मोठ्यांनी ही खंडणी आनंदाने मान्य केली, कारण ती स्वस्त होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४२ पासून साखरेचे नियंत्रण आले आणि ते १९४७ पर्यंत टिकले, म्हणून खाऊची प्रथा मंदावली. नियंत्रण उठताच उपनगरांच्या नव्या वसाहतींत ती दुप्पट जोमाने वाढली. १९५० मध्ये फिलाडेल्फियातील एका कुटुंबाच्या कल्पनेतून मुलांनी दुधाच्या रिकाम्या डब्यांत युनिसेफसाठी पैसे गोळा केले. खंडणीखोर मूल अशा रीतीने परोपकारीही झाले.

डिस्नेचा संबंध येथे प्रथम येतो, आणि तो मोठा उद्बोधक आहे. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्नेचा 'ट्रिक ऑर ट्रीट' हा डोनाल्ड डकचा लघुपट प्रदर्शित झाला. ह्युई, ड्युई आणि लुई हे तीन भाचे खाऊ मागायला दारात येतात. डोनाल्ड त्यांच्या पिशव्यांत खाऊऐवजी फटाके टाकतो आणि वरून पाण्याची बादली ओततो. हे पाहणारी हेझल नावाची चेटकीण मुलांच्या बाजूने उभी राहते, मंत्रतंत्र करते आणि अखेर कोठीघराचे दार फुटून मुलांना खाऊ मिळतो. या लघुपटात मुले बंडखोर आहेत, चेटकीण त्यांची मैत्रीण आहे आणि हरतो तो मोठा माणूस. जुन्या हॅलोवीनचा आत्मा डिस्नेने तेव्हा नेमका पकडला होता.

४

पुढच्या तीन दशकांत मात्र भीतीने दिशा बदलली. अनोळखी माणसे मुलांच्या खाऊत विष घालतात, सफरचंदात ब्लेड लपवतात, अशा वदंता १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरू लागल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये हॅलोवीनच्या खाऊतून सायनाइड दिले गेल्याने एक आठ वर्षांचा मुलगा खरोखरच मरण पावला. तपासात निघाले ते असे की, विष घालणारा अनोळखी नव्हता. विम्याच्या पैशांसाठी खुद्द बापानेच ते कृत्य केले होते. १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक गोळ्यांत सायनाइड मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला. त्याचा हॅलोवीनशी काही संबंध नव्हता, तरी त्या वर्षी अनेक पालकांनी मुलांना दारोदार पाठवलेच नाही. काही रुग्णालयांनी खाऊच्या पिशव्यांची क्ष-किरण तपासणी करून देण्यास सुरुवात केली.

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी सहकाऱ्यासह १९८५ मध्ये या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध केला. १९५८ पासूनची वृत्तपत्रे तपासून त्यांनी दाखवून दिले की, दारोदार जाणाऱ्या मुलाला अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊमुळे मृत्यू वा गंभीर इजा झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण सापडत नाही. तरीही भय ओसरले नाही. वदंता खऱ्या घटनेवर जगत नाही, ती काळजीवर जगते, आणि मुलांविषयीची काळजी पालकांना कधीच कमी पडत नाही.

या भयाचे परिणाम मात्र वास्तव होते. घरी केलेली बिस्किटे, सफरचंदे, हातात ठेवलेले नाणे हे सारे मागे पडले आणि कारखान्यात वेष्टनबंद झालेली गोळी तेवढी विश्वासार्ह ठरली. ज्या शेजाऱ्याला मूल भीती घालत असे, तोच शेजारी आता भीतीचे कारण बनला. सण हळूहळू रस्त्यावरून आत सरकला. तो शाळेच्या सभागृहात गेला, बाजारसंकुलात गेला, मोटारींच्या डिक्कीतून खाऊ वाटणाऱ्या वाहनतळांवर गेला. कुंपण, प्रवेशद्वार आणि तपासणी असलेली जागा सुरक्षित, हे एकदा मान्य झाले की, अशा जागांचा परमोत्कर्ष म्हणजे थीम पार्क, हे ओघाने येते.

५

थीम पार्कांनी प्रथम आपल्याशी जोडले ते मोठ्यांचे भय. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने १९७३ मध्ये तीन रात्रींचा भयोत्सव केला आणि तो तेथील वार्षिक प्रघात झाला. फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओज या उद्यानाने १९९१ मध्ये 'फ्राइट नाइट्स' सुरू केल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे नाव 'हॅलोवीन हॉरर नाइट्स' झाले. तेथे रक्त आहे, करवती आहेत, अंगावर धावून येणारे नट आहेत. आणि लहान मुलांनी येऊ नये अशी सूचनाही आहे. चार वर्षांनी डिस्नेने त्याच शहरात उरलेला प्रेक्षक, म्हणजे लहान मूल, आपल्याकडे घेतला. एकाच सणाची अशी वाटणी झाली. भय तरुणांकडे गेले आणि खाऊ बालकांकडे आला.

डिस्नेची ही रात्र संध्याकाळी सातला सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालते. मुलाच्या हाती पिशवी असते. उद्यानात ठिकठिकाणी खाऊचे थांबे मांडलेले असतात, रांगेतून पुढे सरकले की कर्मचारी हसतमुखाने पिशवीत गोळ्या टाकतात. ज्या मुलांना विशिष्ट पदार्थ सोसत नाहीत, त्यांच्यासाठी निराळ्या खाऊची सोय असते. मिकी आणि मंडळी हॅलोवीनच्या पोशाखांत भेटतात. आतषबाजी होते. वेषांतराचेही नियम आहेत. एरवी या उद्यानात तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांनाच वेष धारण करून येता येते. या रात्री मोठ्यांनाही मुभा असते, मात्र चौदा किंवा त्याहून अधिक वर्षांचे कोणी मुखवटा लावू शकत नाही आणि शस्त्रासारखे दिसणारे काही कोणालाच आणता येत नाही.

सर्वांत लक्षणीय आहे ती 'बू-टू-यू' मिरवणूक. तिच्या आधी काळ्या घोड्यावर स्वार झालेला, हाती पेटता भोपळा घेतलेला मुंडकेविरहित घोडेस्वार भरधाव निघून जातो. क्षणभर पोरे श्वास रोखतात आणि लगेच संगीत सुरू होते. हा स्वार वॉशिंग्टन आयर्विंग यांच्या १८२० मधील 'स्लीपी हॉलो'च्या कथेतला आहे. १९४९ मध्ये डिस्नेने या कथेवर चित्रपट केला होता. मूळ कथेत हॅलोवीनचे नावही नाही. परंतु तिच्यातील एक सूचन येथे फार अर्थपूर्ण ठरते. तो स्वार भूत नसून गावातीलच एका दांडगट तरुणाने प्रतिस्पर्धी शिक्षकाला पळवून लावण्यासाठी केलेली खोडी असावी, असे आयर्विंग वाचकाला सुचवून जातात. उद्यानातील मूल ज्या भुताला पाहून दचकते, ते साहित्यात मुळी खोडकर पोराचे सोंग आहे. खोडी काढणारा मात्र आता पगारी नट आहे आणि मूल दोरीच्या अलीकडे बसलेले प्रेक्षक आहे.

६

याचा अर्थ जुने तेवढे सोने, असा घेऊ नये. जुन्या खोड्यांत ज्यांची फाटके, छपरे, गुरे जात, ते बहुधा गावातील एकटे, म्हातारे किंवा नावडते लोक असत. दांडगी पोरे पुढे असत. लहान, आजारी, अपंग मुले आणि पुष्कळदा मुलीही मागे राहत. थीम पार्कच्या आखीव रात्रीत चाकाच्या खुर्चीतल्या मुलालाही मिरवणूक पुढून पाहता येते, शेंगदाणा न सोसणारे मूलही पिशवी भरून घेऊन जाते. परक्या देशात नव्याने गेलेल्या कुटुंबांनाही ही सोय मोलाची वाटते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरी पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी आणि हॅलोवीन दोन-तीन महिन्यांत एकापाठोपाठ येतात. पितरांना पान वाढणाऱ्या घरातील मुलाला शाळेतले मित्र भुताचा वेष करायला बोलावतात. कोणत्या दारावर थाप मारावी हे ठाऊक नसलेल्या आईबापांना, सर्व काही आखून दिलेली रात्र म्हणजे मोठाच दिलासा असतो. तो दिलासा कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही काय निसटले, याची नोंद करणे अवश्य आहे. 'खाऊ की खोडी?' या प्रश्नातील 'खोडी' हे पद गळून गेले. प्रार्थनेच्या मोबदल्यात पोळी, गाण्याच्या मोबदल्यात नाणे, फाटक शाबूत ठेवण्याच्या मोबदल्यात गोळ्या, अशी ही देवाणघेवाण प्रत्येक टप्प्यावर बदलत गेली, पण मुलाच्या बाजूने काहीतरी दिले वा रोखले जात होते. तिकीट काढून मिळणाऱ्या खाऊसाठी मुलाला काहीच द्यावे लागत नाही, कारण त्याची किंमत आधीच चुकती झालेली असते. मूल त्या रात्रीचे कर्ते राहत नाही, ते ग्राहक होते. अंधारात अनोळखी दाराशी उभे राहून थाप मारण्याचे जे लहानसे धैर्य पूर्वी कमवावे लागे, तेही 'फारशी नाही' या मापात बसत नाही.

७

अशा परिस्थितीत पालकाने काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्याच उद्यानसमूहाच्या आवारात पाहावयास मिळते. फोर्ट वाइल्डरनेस ही तेथील तंबू आणि फिरत्या घरांची वसाहत १९७१ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. हॅलोवीनच्या दिवसांत तेथे उतरलेले प्रवासी स्वतःच आपापली जागा सजवतात. कोणी सांगाडे टांगतात, कोणी भोपळे मांडतात, कोणी सारी जागा चेटकिणीचे घर करून सोडतात. गोल्फकार्ट सजवून त्यांची मिरवणूक काढली जाते आणि मुले एका तंबूकडून दुसऱ्या तंबूकडे खाऊ मागत हिंडतात. येथे खाऊ देणारा कर्मचारी नाही, तात्पुरता का होईना, शेजारी आहे. जगातील सर्वांत आखीव जागेच्या कुशीत माणसांनी आपले गाव पुन्हा वसवले, ही गोष्ट मला आतषबाजीहून अधिक बोलकी वाटते.

यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. सुट्टीत थीम पार्कला नेलेल्या मुलाला वेष विकत आणून देण्याऐवजी तो ठरवू द्यावा, जमेल तसा करू द्यावा. मुक्कामाच्या खोलीत एखादा लहान भोपळा आणून मोठ्यांनी सुरी धरावी आणि चेहरा मुलाने आखावा. घोडेस्वार येण्याआधी त्याची गोष्ट मुलाला सांगून ठेवावी, म्हणजे दचकण्यात त्याचा स्वतःचा वाटा राहील. स्कॉटलंडच्या मुलांप्रमाणे खाऊ घेण्याआधी एखादे गाणे, एखादा श्लोक, एखादे कोडे त्याने म्हणून दाखवावे. आणि परतल्यावर त्याने आईबापांना दाराआड लपून एकदा तरी दचकवावे. आईबापांनी खरोखर दचकले पाहिजे, एवढी मात्र अट आहे. भीती किती असावी याचे माप शंभर वर्षे मोठ्यांनीच ठरवत आणले आहे. एका रात्रीपुरते ते मुलाच्या हाती देऊन पाहण्यास हरकत नसावी.